सुटलेली पुतळी

“मंग काय कामाची तुझी मशीन?” असं म्हणून आईनं पुतळी पुन्हा कापसात गुंडाळली आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवून दिली. मे महिन्यातली दुपार होती, बाहेर ४६ अंश. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या खिडकीत कूलर घरघरत होता, दोनच दिवसांपूर्वी भरलेल्या नव्या वाळ्याचा ओला वास खोलीभर होता, आणि गेली बावीस वर्षं मी ज्या कामाचा पगार घेते त्या कामाचा माझ्या सातवी पास आईनं एका वाक्यात निकाल लावला होता. मी हसले. संध्याकाळी परतताना बडकस चौकातल्या गर्दीत स्कूटर अडकली, तेव्हा लक्षात आलं की ते हसू नुसतं तोंडावर होतं.

झालं होतं असं, की आईच्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी सुटली होती. कडीचा डाग निघाला होता. सोनाराच्या भाषेत जोड म्हणजे डाग, जुनी माणसं दागिन्यालाही डाग म्हणतात, आणि कापडावर पडतो तोही डागच. आमच्या घरात या माळेला तिन्ही अर्थ लागू आहेत. मूळ माळ बेचाळीस पुतळ्यांची, माझ्या आजीची. १९८५ मध्ये आजी गेली तेव्हा ती दोन सुनांमध्ये एकवीस-एकवीस वाटली गेली. पण त्याच्या किती तरी आधी, १९६४ मध्ये, आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी ती इतवारीच्या सराफ बाजारात गहाण टाकली होती. घरातली दंतकथा अशी, की सोडवायला पैसे पुरले नाहीत, म्हणून निम्म्या पुतळ्या विकल्या आणि तेवढ्याच तांब्याच्या करून, वर सोन्याचा मुलामा चढवून माळ पुरी केली. हे कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, ते विचारायची सोय नव्हती. आईची त्याला एक पुरवणी असे. १९६३ पासून चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला सरकारची बंदी होती, त्यामुळे खऱ्या घडवायच्या म्हटल्या तरी उघडपणे घडवता आल्याच नसत्या. आणि खोट्या एकवीस कुणाच्या वाट्याला आल्या असणार, याबद्दल तिला कधीच शंका नव्हती. ती काटोलकडच्या कोरडवाहू घरातली थोरली सून. धाकटी, म्हणजे माझी काकू, गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानवाल्यांची.

आता काकू नाही, काका नाही, बाबा नाहीत. पुतळ्या मात्र आहेत.

सोनाराकडे का नाही गेलात, असं कुणी विचारेल. आमचा सोनार तीन पिढ्यांचा आहे आणि तो काकूकडचाही सोनार आहे. कसोटीच्या काळ्या दगडावर पुतळी घासून, त्या रेघेवर तेजाब टाकून त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं, आणि तिसऱ्या मिनिटाला ते इतवारीभर झालं असतं. शिवाय घासलं की सोनं जातं, हा आईचा दुसरा मुद्दा. म्हणून तिनं मला विचारलं होतं. तिच्या डोक्यात वर्षानुवर्षं एवढंच बसलेलं होतं, की पोरगी कोट्यवधींच्या एका मशीनवर काम करते आणि ती मशीन कशात काय आहे ते सांगते.

ते खरंच आहे. फक्त ‘कशात’ नव्हे, ‘कशावर’.

मी तिला समजावलं ते असं. समज, एका चाळीतल्या प्रत्येक माणसाला सकाळी बरोबर सारखीच रक्कम दिली आणि घराबाहेर काढलं. निघताना ज्यानं त्यानं आपलं घरचं देणं चुकवायचं, नाक्यावर थोडी जकात भरायची, आणि बाहेर आला की आपण त्याचा खिसा तपासायचा. जितके पैसे कमी उरले, तितकं त्याचं देणं मोठं. प्रत्येक घराचं देणं ठरलेलं आहे, त्यामुळे खिशावरून घर ओळखता येतं. आमच्या मशीनमध्ये ही रक्कम क्ष-किरण देतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून निघणारे, प्रत्येकी १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, ना एक पैसा कमी ना जास्त. ते वस्तूवर पडले की अणूंमधले इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. दोन अर्धगोलांच्या मधल्या पोकळीतून आपण त्यांना वळवतो, किती ऊर्जा उरली ते मोजतो, आणि वजाबाकी करतो. सोन्याचे इलेक्ट्रॉन आलेखावर ८४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला उंच सुळका उभा करतात, त्याच्या शेजारी ८७.७ वर जरा बुटका दुसरा. चांदी ३६८, तांबं ९३२. त्यातही माणूस सुखात असला की देणं एक आणि अडचणीत असला की दुसरं, म्हणजे तोच अणू ऑक्सिजनला बांधला गेला की सुळका थोडा सरकतो, त्यामुळे लोखंड आहे एवढंच नव्हे, गंजलंय की कोरं आहे तेही कळतं.

“हे तर चांगलंच आहे नं,” आई म्हणाली.

“पण आई, चाळीच्या आतल्या खोल्यांतली माणसं रस्त्यावर येईपर्यंत जिन्यात धक्के खातात, खिसे कापले जातात. बाहेर येतात तेव्हा त्यांच्या खिशावरून घर ओळखूच येत नाही. ओळखू येतात ती फक्त दारातली.” क्ष-किरण आत खोलवर जातात, अडचण त्यांची नाही. अडचण परत येणाऱ्या इलेक्ट्रॉनची आहे. वरच्या फार तर दहा नॅनोमीटरमधून निघालेलाच आपली ऊर्जा शाबूत घेऊन बाहेर पडतो. केसाच्या जाडीचे काही हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे दहा नॅनोमीटर. मुलामा पातळ, समजा एका मायक्रॉनचा धरला, तरी माझ्या मशीनच्या नजरेच्या शंभर पट जाड. म्हणजे मुलाम्याची पुतळी आणि अस्सल सोन्याची पुतळी, दोन्ही माझ्याकडे सारख्याच. त्यावर तिनं ते वाक्य टाकलं, आणि डबी बंद केली.

तरीही निघताना मी डबी मागून घेतली. का, ते नीट सांगता येत नाही. कदाचित मशीनची बाजू राखायची म्हणून. ती उघडून, पुतळी चिमटीत धरून उन्हात एकदा पाहिली. पैशाएवढी, पातळ, एका बाजूला ठसा. आई म्हणते लक्ष्मी, काकू म्हणायची सीता. नाक-डोळे केव्हाच झिजून गेलेत, आता फक्त बाईचा आकार उरला आहे.

उन्हाळ्यात आमची लॅब एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी सांभाळावी लागते. बाहेर आग ओकणारं ऊन, आत पंपांची अखंड गुणगुण, आणि मशीन थंड ठेवणारा चिलर जो नेमका शनिवारी दुपारी माना टाकतो. चेंबरमधली हवा उपसून उपसून बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या हिश्श्यापर्यंत आणलेली असते. लोकांना वाटतं की इलेक्ट्रॉनला वाटेत अडथळा नको म्हणून. तेवढ्यासाठी एवढी गरज नसते. खरी भीती वेगळी असते. अशी कल्पना करा की एखादा पृष्ठभाग तुम्ही अगदी कोरा केला. आतली हवा बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या हिश्श्याएवढी उरली असली तरी त्यातले रेणू येऊन त्यावर एका सेकंदात एक अख्खा थर बसवतात. एका सेकंदात. त्याच्या हजार पट विरळ केलं तर पाव तास मिळतो. कोरेपणा टिकवायचा हा खर्च आहे, आणि वीजबिलावर सही करणाऱ्या साहेबांना तो दरवर्षी नव्यानं समजावावा लागतो. चेंबर कधी उघडावंच लागलं तर मी मे महिना निवडते. हवा कोरडी असते. पावसाळ्यात उघडलं की पाण्याची वाफ आतल्या भिंतींना चिकटून बसते आणि मग दोन-दोन दिवस चेंबर भाजत बसा. जोड हवाबंद करणारी तांब्याची प्रत्येक चकती, म्हणजे गॅस्केट, एकदाच वापरायची, जोडाच्या कडेची धार तिच्यात रुतली की तिचं काम संपलं. अशा वापरलेल्या चकत्यांचा एक ढीग माझ्या खणात आहे. आईनं पाहिला तर म्हणेल, कासाराला दे नं, मोडीत तरी जाईल.

हे सगळं ज्यांनी उभं केलं ते स्वीडनमधल्या उप्सालाचे शास्त्रज्ञ काई सीगबान. १९५४ मध्ये त्यांनी असा पहिला रेखीव आलेख काढला तो मिठाचा. साध्या खाण्याच्या मिठाचा स्फटिक फोडून. मला ही गोष्ट फार आवडते, एवढा खटाटोप आणि सुरुवात मिठापासून. त्यांचे वडील मान्ने सीगबान यांना क्ष-किरणांच्याच अभ्यासासाठी १९२४चं नोबेल मिळालं होतं. मुलाला मिळायला १९८१ साल उजाडलं, आणि तेही अर्धं. उरलेला अर्धा वाटा ब्लूमबर्गन आणि शॉलो यांच्यात विभागला गेला. वाटण्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. त्याच क्ष-किरणांच्या माऱ्यात दुसऱ्या एका जातीचे इलेक्ट्रॉनही बाहेर पडतात. अणूतली आतली जागा रिकामी झाली की वरचा एक खाली उतरतो आणि त्या भांडवलावर तिसराच कुणी घर सोडतो. लिझ माइटनर यांनी हे १९२२ मध्ये लिहिलं, पिएर ओजे यांनी १९२३ मध्ये. जगभर त्यांना ओजे इलेक्ट्रॉनच म्हणतात. आईला सांगितलं असतं तर ती माइटनरबाईंच्या बाजूनं आठवडाभर भांडली असती.

जूनच्या पहिल्या शनिवारी मी पुतळी मशीनमध्ये घातली. वहीत ‘सोन्याचा संदर्भ-नमुना’ अशी नोंद केली. खोटी म्हणता येणार नाही, कारण मशीनचा काटा बरोबर आहे की नाही हे आम्ही खरोखरच सोनं, चांदी आणि तांबं लावून तपासतो. सोनाराच्या कसोटीच्या पेटीतही ओळखीच्या कसाच्या काड्या असतात, त्यातला प्रकार. पण खरीही म्हणता येणार नाही. सरकारी यंत्रावर घरचं काम केलं, हे इथं लिहून ठेवते.

आलेख उमटू लागला आणि सोनं दिसेचना. दिसला तो कार्बन. निम्म्याहून अधिक कार्बन. यात नवल काही नाही, हवेत आलेल्या प्रत्येक वस्तूवर तो बसतोच, कुठून येतो ते विचारायचं नसतं. आमच्या धंद्यातली गंमत अशी, की ज्या मळाला आम्ही नावं ठेवतो, त्याच्याच सुळक्याला २८४.८ वर आणून लोक बाकीचा आलेख जुळवतात. हे बरोबर की चूक यावर अजून भांडणं चालू आहेत. माझं मत विचाराल तर चूक आहे, पण मीही तेच करते. कार्बनच्या पाठोपाठ ऑक्सिजन. ४०० वर नायट्रोजन, म्हणजे कातडीचा, घामाचा. १०७२ वर सोडियम, बरोबरीनं क्लोरीन, म्हणजे मीठच. ३४७ वर थोडं कॅल्शियम, नागपूरच्या बोअरच्या पाण्याची भेट असणार. चाळीस वर्षांचे हळदीकुंकू, चाळीस वर्षांचे मानेवरचे उन्हाळे, शिकेकाईचं पाणी. मळ जुना होता की परवाचा, ते मशीन सांगत नाही. मीच आपली सांगत बसले होते.

आणि १०२ च्या आसपास एक उंचवटा.

इथं माझ्या पोटात गोळा आला. त्या भागात सिलिकॉन येतं, आणि त्याच्या अगदी अंगाला लागून पारा येतो. जुन्या पद्धतीचा मुलामा पाऱ्यानंच चढवतात. सोनं पाऱ्यात कालवायचं, तो लगदा तांब्यावर फासायचा, विस्तवावर धरायचा, पारा उडून जातो आणि सोनं बसतं. सगळा पारा मात्र उडत नाही, थोडा राहतोच. मी खुर्ची पुढे ओढली. लॅबमध्ये मी एकटीच होते. पारा असता तर एकाऐवजी दोन सुळके दिसले असते, चार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अंतरानं. इथं एकच होता, रुंद आणि सुस्त. सिलिकॉन असेल तर त्याचा दुसरा साक्षीदार १५३ वर उभा असायला हवा. आलेख मागे सरकवला. होता. सिलिकॉनच. माझ्याच हँडक्रीमचं असणार. विद्यार्थ्यांनी उघड्या हातानं नमुना धरला तर मी त्यांना बाहेर काढते, आणि आईची पुतळी मी उन्हात चिमटीत धरून फिरवली होती.

पारा नाही म्हणजे मुलामा नाही, असं मात्र होत नाही. १९६४ मध्ये विजेनं मुलामा चढवणारेही होतेच. मग आर्गॉनच्या आयनांचा थोडा वेळ मारा केला, बाईच्या पायाजवळ, दोन मिलिमीटरच्या चौकोनात. मळ उडाला, ८४ चा सुळका वर चढला, सोबत चांदी आणि तांबं, जुन्या बावीस कॅरेटमध्ये असतं तसंच. हाच मारा रात्रभर चालू ठेवला असता तर मुलामा असल्यास आरपार गेले असते. पुतळीला एक खड्डा पडला असता आणि उत्तर मिळालं असतं. मी हात कीबोर्डवर ठेवून बराच वेळ बसले. मग मशीन बंद केली आणि आईला फोन लावला.

“आई, वरून सोनं आहे.”

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, “वरून तर तुझी आजीपण गोडच होती.”

आता एक कबूल करते. ज्या दुपारी आईनं डबी पुढे केली, त्याच क्षणी मला ठाऊक होतं की याला एवढी मशीन लागत नाही. आर्किमिडीज लागतो. सोन्याची घनता १९.३, तांब्याची ९ च्या आत. तराजू, पेलाभर पाणी आणि दोरा, एवढ्यात न घासता, न खरवडता उत्तर मिळतं. आठवीच्या पोराला येतं. बावीस वर्षं पदार्थविज्ञानात काढलेल्या बाईला ते आठवलं नाही असं मी स्वतःला सांगत होते, पण ते खोटं आहे. मला आठवलं होतं आणि मी ते दाबलं होतं. या प्रश्नाचं उत्तर देऊ न शकणारं असं एकच यंत्र माझ्या ओळखीचं होतं, आणि मी नेमकं तेच निवडलं. उत्तर तांबं असं आलं असतं, तर आईची चाळीस वर्षांची सल खरी ठरली असती, आणि सोनं आलं असतं, तर ती सल उगाच बाळगली असं झालं असतं. यातलं कुठलं वाईट ते मला आजही ठरवता येत नाही.

पुतळी माझ्या खणात, गॅस्केटच्या ढिगाशेजारी, पोळ्यापर्यंत पडून राहिली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत बघायला सगळे आमच्याच घरी जमतात, ही जुनी रीत. मिरवणुकीत काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे, मागे बडग्यांच्या पुतळ्यांची रांग, ढोल, ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर, गॅलरीत उभं राहायला जागा नाही. त्या गोंगाटात वहिनी, म्हणजे काकूची सून, आईच्या कानाशी ओरडून म्हणाली, “मोठ्या आई, डिसेंबरात पोरीचं लग्न ठरलं नं, म्हणून आम्ही आमच्या पुतळ्या मोडून राहिलो. आजकाल कोण घालतं जी? त्यात दोन बांगड्या होतात.” आईनं मान हलवली. मारबत गेली, तर्री-पोहे झाले, पाहुणे पांगले. भांडी विसळताना आई पाठमोरीच म्हणाली, “ती पुतळी कुठाय?”

सोमवारी मी तराजू लावला. हवेतलं वजन १.२४६८ ग्रॅम. मग दोऱ्यानं टांगून पाण्यात. ठशातल्या खाचांना हवेचे बुडबुडे चिकटतात, ते बारीक ब्रशनं काढावे लागतात, नाहीतर उत्तर चुकतं. ७०.३ मिलिग्रॅमची घट. भागाकार तोंडी करता येण्यासारखा आहे, तरी मी कॅल्क्युलेटरवर तीनदा केला. १७.७. बावीस कॅरेट. वेळ लागला वीस मिनिटं, त्यातली दहा बुडबुड्यांत गेली.

आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळेल असं वाटलं होतं. ती खाली बसली. “म्हणजे खोट्या धाकटीकडे गेल्या.”

“एका पुतळीवरून एकवीस पुतळ्यांचं सांगता येत नाही, आई.”

“ती कधी बोलली नाही.” आईनं माझं वाक्य ऐकलंच नव्हतं. “एवढ्या वर्षांत एकदा पण नाही. अन् मी तिला…” पुढचं वाक्य तिनं सोडून दिलं. मला ते ठाऊक होतं, लहानपणी स्वयंपाकघराच्या दाराआडून किती तरी वेळा ऐकलेलं. काकूला माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. कदाचित ती पण तिच्या घरी हेच म्हणत असेल, की खोट्या माझ्या वाट्याला आल्या. किंवा बेचाळीसच्या बेचाळीस खऱ्या असतील, आणि आजोबांनी पैनपै फेडून सगळ्या सोडवून आणल्या असतील. ही शक्यता आमच्या घरात साठ वर्षांत कुणी एकदाही बोलून दाखवली नव्हती. आजोबा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांना हिशेबाच्या वह्या जपून ठेवायची सवय होती. त्या वह्या आम्ही घर रंगवताना रद्दीत घातल्या.

दोन दिवसांनी आईनं वहिनीला फोन केला. मी समोरच होते. “पुतळ्या मोडू नको बाप्पा. सोनाराकडे नेऊच नको. पोरीच्या गळ्यात राहू दे. माझ्यापण घे अन् एकच माळ कर, बेचाळीसची, होती तशी.” पलीकडून वहिनी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, बरंच लांबलं. फोन ठेवल्यावर आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ही माळ पुढेमागे माझ्याकडे यायची होती. मी कधी घालणार नव्हते, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. खोटं का सांगू, चरचरलं. त्याच वेळी असंही वाटलं, की बाईनं जावेला अख्ख्या इतवारीसमोर उघडं पडू दिलं नाही. मग लगेच तिसरं. तिला ते सिद्ध व्हायलाच नको असेल, आता एकमेकींत मिसळल्यावर कुणाच्या कोणत्या, कोण सांगणार? तिन्ही मला एकदमच वाटलं, आणि मी चहा टाकायला उठले.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी वहिनी तिच्या एकवीस घेऊन आली. पटवेकऱ्याकडे द्यायच्या आधी मोजून घ्यायच्या म्हणून आईनं जमिनीवर जुनी साडी अंथरली. माझ्या पुतळीच्या कडीला तोवर डाग देऊन झाला होता. दोन्हीकडच्या पुतळ्या साडीवर ओतल्या तेव्हा आवाज एकच झाला. वहिनी दहा-दहाचे ढीग लावत होती आणि कॅटरिंगवाल्याबद्दल काहीबाही सांगत होती. आई मात्र एकेक पुतळी उचलून खिडकीकडे धरून बघत होती, सावकाश, उलटीसुलटी. एका पुतळीपाशी थांबली. बाईच्या पायाजवळ एक बारीक चौकोन, बाकीच्यापेक्षा लख्ख.

“हे काय गं?”

“तिथं मशीननं घासलं होतं,” मी हळूच म्हटलं.

आईनं एकदा वहिनीकडे पाहिलं. मग अंगठा केसांतून फिरवला, तेलाचा, आणि त्या चौकोनावर घासला. पुन्हा बघितलं, पुन्हा घासला. चौकोन दिसेनासा झाल्यावर तिनं ती पुतळी ढिगात टाकली आणि हातानं ढीग सारखा केला.